कणगीमागच्या बाटल्या

आमच्याकडे पूर्वी घराची पत कणगीवरून ठरायची. मुलगी द्यायची असली की मुलीचा बाप आधी त्या घरच्या कणगीत हात घालायचा, मूठभर नागली बाहेर काढायचा, चार दाणे दाताखाली फोडायचा आणि विचारायचा, "किती सालाची?" भाताला वर्षभरात कीड लागते, नागलीला, म्हणजे तुमच्या नाचणीला, लागत नाही. शेणामातीने घट्ट लिंपलेल्या कणगीत ती वर्षानुवर्षं तशीच राहते. खोडाळ्याला माझ्या आजोळी मी माझ्या जन्माआधीची नागली खाल्ली आहे. भाकरी नेहमीपेक्षा जरा काळी झाली होती, एवढंच. त्यामुळे एखादी वस्तू न वापरता ठेवून दिली की तिची किंमत वाढते, हे आम्हाला कुणी शहरातून येऊन शिकवायची गरज नव्हती. पण दारू ठेवून द्यायची, हे मात्र आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मोहाची दारू निघाली की संपली. तिने दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहिली तर लोक विचारत, "घरात कुणी आजारी आहे का?"

ही नवी गोष्ट आणली पंकजने. पंकज माझ्या थोरल्या भावाचा नातू. भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वहिनी, म्हणजे गौरा, सूर्यमाळला आमच्या पाड्यावरच्या घरात राहते. मी मास्तरीण. साऱ्या तालुक्याच्या शाळा फिरून शेवटी जव्हारला निवृत्त झाले आणि तिथेच राहिले, कुतुबुद्दीन सुतारांच्या शेजारी, पत्र्याच्या दोन खोल्यांत. पाड्यावरची पोरं मला बाईआजी म्हणतात, कारण त्यांच्या आईबापांची मी बाई होते.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी, ऐन चैत्रात, दुपारच्या नाशिक गाडीतून पंकज उतरला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, आणि ते तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं. तो तेव्हा नाशिककडे एका वाईनच्या कारखान्यात कामाला होता. आधी द्राक्षं तोडायला गेला, मग पिंपं धुवायला, मग आत तळघरात.

"काय आणलंस रे? द्राक्षं?"

"द्राक्षंच म्हण, बाईआजी. पिळलेली."

खोक्यात बारा बाटल्या होत्या. काळपट हिरवी काच, गळ्याला लाल पातळ पत्रा, आणि पोटावर सुरेख कागद. कागदावर एक डोंगर, डोंगरावर चंद्र. कारखान्याची ती पहिलीच लाल वाईन. कामगारांना सवलतीच्या दरात एकेक पेटी मिळाली होती. बाकीच्यांनी त्याच आठवड्यात पार्ट्या केल्या. पंकजने परमिट काढलं, बोनसचे सगळे पैसे घातले आणि एक बाटलीही न उघडता पेटी इथवर आणली.

"ही ठेवायची. आठ वर्षं, दहा वर्षं. नीट राहिली तर कंपनीच परत घेईल, त्या वेळच्या भावाने. चंदना मॅडमनी स्वतः सांगितलंय. वाईन त्याच बनवतात."

"आणि नीट नाही राहिली तर?"

"मग लोणच्यात घाल."

तो हसला, पण मला त्याचा चेहरा कळतो. याचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. हा चार महिने माझ्या शाळेत आणि आठ महिने भट्टीवर. हजेरीच्या वेळी मी त्याचं नाव पुकारायची आणि पोरं एका सुरात ओरडायची, "गेला!" घराखालच्या उतारावर त्यांची जमीन आहे, पण पाऊस संपला की तिथे प्यायलासुद्धा पाणी नाही. पंकजला त्या उतारावर शेततळं करायचं होतं आणि तळ्याच्या पाण्यावर मोगरा लावायचा होता.

"मला जायचं बंद करायचंय, बाईआजी," तो म्हणाला. "बाकी काही नको."

तेवढ्यात कुतुबुद्दीनभाई पटाशी हातात घेऊनच दारात आले. त्यांना आमच्याकडचं सगळं भिंतीतून ऐकू येतं आणि ते लपवतही नाहीत.

"पत्र्याखाली ठेवणार? बेटा, मे महिन्यात या घरात बाई शिजते. तुझ्या बाटलीचं काय होणार?"

"मग कुठे ठेवू, चाचा?"

"वर ने. सूर्यमाळला. तुझ्या आजीच्या मातीच्या घरात भर उन्हाळ्यातही मला गोधडी लागली होती. पेटी मी करून देतो. सागवानाची. त्याला वाळवी तोंड लावत नाही."

आतून त्यांच्या बायकोचा, खैरुनचा आवाज आला. "या वयात दारूची पेटी करणार तुम्ही?"

"मी लाकडाला हात लावतो," कुतुबुद्दीनभाई म्हणाले. "आत कोण झोपणार ते लाकडाला विचार."

एका जुन्या दाराच्या फळ्यांची त्यांनी अशी पेटी केली, की बारा बाटल्या तिच्यात आडव्या, एकमेकींना न लागता बसल्या. मजुरी विचारली तर म्हणाले, "करवंदं पिकली की टोपलीभर पाठवा."

गौरावहिनीने पेटी उघडून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "आडव्या कशापायी? आजारी हायत?"

"बूच ओलं राहायला लागतं, आजी. हलवायचं नाय, ऊन नाय, गरमी नाय."

"बाळंतिणीसारखं."

"तसंच."

माजघरात कणगीच्या मागे, जिथे दिवसाही हात दिसत नाही, तिथे गुडघाभर खड्डा खणून पेटी ठेवायचं ठरलं. पण वहिनी खड्ड्याच्या तोंडाशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आमच्या घरची रीत अशी, की कसलीही दारू घरात आली की तिचे पहिले थेंब जमिनीला. कणसरीमातेला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, आणि गेलेल्या माणसांना. त्यांचा वाटा दिल्याशिवाय घरातलं कुणी ओठ लावत नाही.

"एक उघड," वहिनी म्हणाली. "देवाचं आधी होऊ दे."

"उघडली की ती गेली, आजी. पेटी पुरी पाहिजे."

"देवाला काय सांगू मी?"

"सांग, जेव्हा उघडू तेव्हा पहिली तुलाच."

वहिनीने कंबरेवरचे हात सोडले. मग कणगीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आईकलंस ना? पोरगं थांब म्हणतंय. मी नाय म्हणत, तो म्हणतोय." आणि मगच पेटी खड्ड्यात उतरली.

त्यानंतर त्या बाटल्या म्हणजे वहिनीचं एक नातवंडच झालं. पावसाळ्यात खड्ड्याभोवती राखेचा बांध. थंडीत काही नाही. खरी परीक्षा उन्हाळ्याची. फाल्गुनापासून विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग बायका खालच्या झऱ्यावर जातात, वाटीवाटीने हंडा भरतात आणि उभा चढ चढून येतात. मे महिन्यात मी वर गेले तेव्हा पेटीवर गोणपाट टाकलेलं होतं आणि वहिनी त्यावर तांब्याने पाणी शिंपडत होती. शेजारची बायडी दारात उभी.

"सरूबाय, बघ तुझी वहिनी! आमाला प्यायला नाय आन हिच्या बाटल्यांना आंघोळ!"

"माझ्या आंघोळीचं पाणी हाय ते," वहिनी म्हणाली. "मला या वयात कोण बघतंय?"

मला तेव्हा वाटलं, पंकजला सांगावं, बाबा रे, ने या बाटल्या, म्हातारीचा जीव खातायत. पण वहिनीचा चेहरा पाहिला तर ती मजेत होती. भाऊ असताना ती अशीच बैलांची काळजी करायची.

टाळेबंदीत पंकज नाशिकहून पायी आला, त्र्यंबकच्या रस्त्याने. त्या वेळी सगळीकडची दुकानं बंद, दारूचीसुद्धा. कणगीमागे काय आहे हे पाड्यावर कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पाड्यावरचाच सोम्या एक दिवस कोंबडा घेऊन आला, दुसऱ्या दिवशी दोन कोंबडे, आणि तिसऱ्या दिवशी चक्क बोकड ओढत आला.

"काकी, एकच दे. निस्ती चव."

"बोकड ठेवून जा," वहिनी म्हणाली. "बाटली नाय."

अशी वर्षं गेली. पंकजचं लग्न झालं, रोशनी घरात आली. दिवाळी झाली की दोघं नाशिकला जायची, पावसाला परत यायची. उतारावरची जमीन तशीच होती.

आणि गेल्या वर्षी, नागली कापणीला आली असताना, पंकजचा फोन आला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. कारखान्यात एका उन्हाळ्यात शीतघराचं यंत्र बंद पडलं होतं आणि पहिल्या वर्षाची जपून ठेवलेली सगळी वाईन आंबून गेली होती. आता कारखान्याला दहा वर्षं होणार, आणि चंदना मॅडमना स्वतःची पहिली वाईन कुठेच मिळत नव्हती. त्यांनी एकेका जुन्या कामगाराला विचारलं. सगळे हसले. पंकज म्हणाला, माझ्याकडे आहे, पुरी पेटी.

"मॅडम रविवारी येतायत, बाईआजी. एक उघडून चव बघणार. बरी निघाली तर सगळ्या घेणार. भाव असा सांगितलाय, की तळं होतं, मोगराही होतो."

रविवारी मी आणि कुतुबुद्दीनभाई जीपने वर गेलो. पेटीच्या बिजागऱ्या गंजल्या असतील, म्हणून ते हत्यारं घेऊन आले होते. चंदना मॅडम आमच्याआधी पोचल्या होत्या. चाळिशीची बाई, पायात मातीने भरलेले बूट, केसांत कुठल्याशा फांदीचं पान तसंच. अंगणात वाळत घातलेल्या नागलीला वळसा घालून त्या आत आल्या आणि वहिनीच्या पाया पडल्या. वहिनीला ते आवडलं. तिने मला कोपराने ढोसलं.

पंकजने आणि कुतुबुद्दीनभाईंनी पेटी उचलून ओसरीवर उजेडात आणली. बिजागरी खरंच अडली होती. पटाशीचा एक ठोका, आणि झाकण उघडलं.

आत बारा गोसावी होते. मला तरी तसंच वाटलं. बाटल्यांना नखशिखांत राख फासलेली. पंकजने एक उचलून बाहीने पुसली. काळपट हिरवी काच लख्ख निघाली, नुसती काच. डोंगर नाही, चंद्र नाही, नाव नाही, साल नाही. त्याने दुसरी पुसली. तिसरी.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "कागद कुठंयत?"

"काढले," वहिनी म्हणाली.

"काढले?"

"पैल्याच पावसात. वाळवी आली होती. पेटीला नाय लागली, कागदाला लागली. कागदाची चटक लागली तं मग बूच सोडते का ती? पाण्यात भिजवून एकेक सोलला. आन राख फासली, उडदाच्या बियाण्याला फासतो तशी. बघ, लागली का कीड एकाला तरी?"

तिने हे असं सांगितलं, जणू आता शाबासकीच मिळणार. पंकज पायरीवर मटकन बसला. रोशनीने तोंडावर पदर धरला. चंदना मॅडमनी स्वतः आणखी एक बाटली पुसून पाहिली. मग म्हणाल्या, "आजी, लेबल नसलं तर ती कुणाची, कधीची, काहीच सांगता येत नाही. माझ्या मालकांना मी काय सांगू?"

वहिनीचा चेहरा उतरला. आठ उन्हाळे तिने त्या चढावरून पाणी वाहिलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

"फेकले नाय मी," ती म्हणाली. "एवढं सुंदर चित्र कोण फेकंल? हायत घरात."

"कुठं?"

वहिनी उठली आणि कणगीपाशी जाऊन उभी राहिली. दरवर्षी दिवाळीला शेणामातीने नव्याने लिंपलेली कणगी. तिने विळीच्या टोकाने पोटाला खरवडायला सुरुवात केली. एक थर निघाला, दुसरा निघाला. मग मातीतून कागदाचा कोपरा डोकावला, त्यावर अर्धा डोंगर.

"इथं लावले होते. घर चांदण्यासारखं दिसत होतं. मग दिवाळीला सारवताना वाटलं, राहू दे आत."

आधी कुतुबुद्दीनभाई हसले. मग मॅडम. कणगीला हात लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. पंकज मात्र हसला नाही. तो तसाच खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडे लक्ष गेल्यावर मॅडमचं हसू ओसरलं.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "एक बाटली दे इकडे."

त्यांनी खिशातून छोटं पातं काढलं, बाटलीच्या गळ्याचा लाल पत्रा गोल कापून सोडवला आणि पंकजच्या फोनची बॅटरी लावून गळ्यामागे धरली. काचेतून बूच दिसायला लागलं. बुचाच्या अंगावर काहीतरी छापलेलं होतं. मॅडमनी डोळा बारीक करून पाहिलं आणि एकदम ओरडल्याच.

"उलटं! बाई, बघा, उलटं आहे!"

मी चष्मा पुसून पाहिलं. साल सरळ होतं. पण शेजारचा डोंगर उलटा टांगलेला आणि चंद्र त्याच्या खाली.

"त्या पहिल्या वर्षी बुचं चुकीची छापून आली," मॅडम सांगत होत्या. "मालक केवढे ओरडले होते मला! दुसऱ्या वर्षीपासून सुधारून घेतली. उलट्या डोंगराची बुचं जगात फक्त त्याच वर्षाची. लेबलं काय, मी नवी छापून घेईन. पंकज, ऊठ. आता चव बघायची."

म्हणजे खरी भीती पुढेच होती. बूच निघालं. अख्खं, काळंभोर झालेलं. मॅडमनी आपल्यासोबत आणलेला काचेचा पेला पुढे केला आणि बाटली वाकवणार, तोच वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

"आधी तिचा."

"कुणाचा?"

"पोरानं कबूल केलंय. आठ वर्सं थांबलीय ती."

पंकज म्हणाला, "हो मॅडम. मीच बोललो होतो."

मॅडमनी पेला खाली ठेवला. वहिनीने दाखवलं तसं त्या कणगीपाशी वाकल्या आणि बाटलीतून चार थेंब जमिनीवर सोडले. सारवलेल्या जमिनीने ते लगेच पिऊन टाकले. वहिनीने माझ्या भावाचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं, कणसरीचं घेतलं. वर म्हणाली, "उशीर झाला, बोलू नका."

मग मॅडमनी पेला भरला. वास घेतला. घोट घेतला आणि डोळे मिटले. अंगणात कोंबडी नागलीत शिरली तरी कुणी हाकलली नाही.

"आंबली?" वहिनीने विचारलं.

मॅडमनी डोळे उघडले तर ते भरलेले होते. "नाही हो आजी. मी केली तेव्हा ही फार भांडखोर होती. मला वाटायचं, काही धड होणार नाही हिचं. आता बघा, तुमच्यासारखी झालीय."

"म्हणजे अजून भांडखोरच की," मी म्हणाले.

आणि मग जे हसू फुटलं ते ओसरीभर. पंकज रडत होता का हसत होता, कळत नव्हतं. रोशनीने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. बायडी आणि सोम्या कुंपणाशी कधीचे उभे होते, ते आत आले. स्टीलच्या पेल्यांत सगळ्यांना घोट घोट मिळाला. सोम्या म्हणाला, "याच्यापायी मी बोकड आणला होता?" वहिनीने घोट तोंडात घोळवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला. "तुरट. जांभळावानी. आन दम नाय हिच्यात."

"चाचा, तुम्ही?" रोशनीने सवयीने विचारलं.

कुतुबुद्दीनभाई कोरा चहा घेऊन अंगणातल्या बाजेवर बसले होते. "लांबून वास बरा आहे," ते म्हणाले. "पेटी मात्र अव्वल."

कारखान्याने उरलेल्या बाटल्या घेतल्या, एक सोडून. ती एक मॅडमनीच वहिनीच्या हातात दिली. त्या निघाल्या तेव्हा गाडीतून आणखी एक खोकं उतरवलं. यंदाची वाईन. म्हणाल्या, आजी, ठेवाल का? पुन्हा आठ वर्षं? परमिटचं पंकज बघेल.

वहिनीने खोकं उघडलं, एक बाटली वर काढली आणि मॅडमच्या नाकापुढे धरली.

"आन हे कागद?"

"सोला," मॅडम म्हणाल्या. "बुचं यंदा बरोबर आहेत."

मी हे लिहितेय तो वैशाख आहे. हिवाळ्यात उतारावर शेततळं खोदलं, त्यात काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, आणि अवकाळी दोन पावसांनी ते पोटापर्यंत भरलंसुद्धा. खरं भरेल ते पावसाळ्यात. मोगऱ्याची रोपं अजून बोटभरच आहेत, पण पंकज आणि रोशनी यंदा दिवाळीनंतर कुठेही गेली नाहीत. परवा पाड्यावरच्या शाळेवरून जाताना हजेरी चालू होती. कुणी "गेला!" ओरडतं का, म्हणून मी उगाच थांबून ऐकत राहिले.

घरी गेले तर वहिनी कणगीमागे, नव्या बाटल्यांच्या पेटीजवळ उभी. हातात तांब्या नव्हता, बादली होती. भरलेली बादली तिने गोणपाटावर धाडकन ओतली, पाणी माझ्या पायापर्यंत आलं.

"अगं, किती!"

"असू दे," ती म्हणाली. "तळ्याचं हाय." मग दाराकडे वळून, बायडीच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात, "आन मीपण आंघोळ करणार हाय आज! कुणाला बघायचं असंल त्यानं बघावं!"